गुबगुब जाऊ देत नाही

मुंगी बाथरूमच्या दाराशी उभी होती. गुडघे एकमेकांना चिकटवलेले, एक पाय दुसऱ्या पायावर, चेहरा लालबुंद आणि टॅब छातीशी घट्ट धरलेला. आत जायला एक पाऊल पुरे होतं. ते एक पाऊल ती टाकत नव्हती.

"अगं, जा की आत! कधीची नाचतेयस तिथे," आई स्वयंपाकघरातून ओरडली.

"जाते ना. पण हा नको म्हणतोय."

"कोण नको म्हणतोय?"

"गुबगुब."

"मग ठेव त्याला बाहेर आणि जा."

"ठेवलं की रडतो तो," मुंगी म्हणाली, आणि पुढच्याच क्षणी व्हायचं ते झालं. फरशीवर ओघळ आला. मुंगी रडली नाही. तिने फक्त टॅब डोक्यावर उंच धरला. "पाणघोड्याला पाणी आवडतं," ती गंभीरपणे म्हणाली, "पण हे नाही आवडणार."

आईला हसू फुटलं. फडकं घेऊन ती खाली बसली. पुसताना पोरीचे पाय थरथरताहेत हे तिच्या हाताला कळलं. पण हसण्याच्या भरात तिने ते कळणं तसंच सोडून दिलं.

मुंगी म्हणजे वय वर्षं पाच. घरातली कुठलीही वस्तू उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायची तिला खोड होती. चमचे, मोजे, आजोबांचा चष्मा, काहीही. म्हणून आजोबांनीच हे नाव ठेवलं होतं. आणि गुबगुब हे पाणघोड्याचं एक गुलाबी पिल्लू होतं. ते टॅबमध्ये राहायचं आणि मुलांना आकडे, अक्षरं, आकार शिकवायचं. ते काही आभाळातून पडलं नव्हतं. मुंगीची आई ज्या कंपनीत कामाला होती, तिथेच ते जन्मलं होतं. पडद्यावर कुठलं बटण कुठे असावं आणि गुबगुबने केव्हा काय बोलावं, हे ठरवणं हेच तिचं काम.

त्यातला एक पडदा तिच्या विशेष अभिमानाचा होता. मुलाने खेळ बंद करायचं बटण दाबलं की गुबगुबचे डोळे पाण्याने भरायचे आणि तो बारीक आवाजात म्हणायचा, "जातेस? मग मी एकटा काय करू? इथे अंधार होतो गं." मुलगा असेल तर "जातोस?" आणि "रे". खाली दोन बटणं. एक मोठं, गुलाबी, 'थांबते'. दुसरं लहान, फिकट करडं, 'जाते'. काहीच दाबलं नाही तर तो पुन्हा विचारायचा. पुन्हा. आणि पुन्हा.

या पडद्याला ऑफिसात 'माया' म्हणत. माया आल्यापासून मुलं बंद करता करता परत फिरू लागली होती. आकडे असे चढले होते, की विभागाचे प्रमुख खुर्चीतून उठून भिंतीवरच्या आलेखाला हात लावून आले. त्यांना सगळे मागून आलेखसाहेब म्हणत. घरी बायको रुसली तरी हे आधी आलेख काढतील आणि मग समजूत घालतील, असं त्यांच्याबद्दल बोललं जाई.

आणखी एक गोष्ट होती, जी घरात कुणाला ठाऊक नव्हती. गुबगुबचा आवाज मुंगीच्या आईचा होता. ज्या बाई आवाज देणार होत्या त्यांचा घसा बसला, म्हणून हिनेच सामानाच्या खोलीत बसून वाक्यं तात्पुरती बोलून ठेवली, यंत्राने ती बारीक केली आणि मग तीच राहिली. त्या धंद्यात तात्पुरतं केलेलंच सर्वांत जास्त टिकतं!

*

मुंगीचा बाबा कामासाठी दूर गेला होता. घरात ती, आई आणि आजोबा असे तिघंच. आजोबा म्हणजे मुंगीच्या आईचे सासरे. ते उद्यानांतली खेळणी आखणारे अभियंते. आता हाताखालच्या मंडळींवर बरंचसं काम सोपवलेलं होतं, पण तळमजल्यावरची कार्यशाळा काही सुटली नव्हती. तिथे एका फळीवर लाकडी डोकं ठेवलेलं असे. लहान मुलाच्या डोक्याच्या मापाचा गुळगुळीत ठोकळा, मागे धरायला मूठ. मुंगीने त्याच्यावर डोळे आणि दात रंगवून त्याचं नाव टकलूशेठ ठेवलं होतं. रंगवलेले डोळे एकमेकांपेक्षा लहानमोठे होते, त्यामुळे टकलूशेठ सतत घाबरलेले दिसत.

संध्याकाळी मुंगीची आई चहा घेऊन खाली गेली, तेव्हा सासरे एका शिडीच्या कठड्यात तो ठोकळा घालून पाहत होते.

"सूनबाई," ते म्हणाले. एरवी ते नुसतं 'अगं' म्हणत. सूनबाई म्हणाले की पुढे काहीतरी बोचणारं येणार हे ठरलेलं. "आज परत फरशी पुसलीस ना."

"मुलं रमली की विसरतात हो, बाबा."

"विसरली नव्हती ती. मी बघत होतो. तिला चांगलं आठवत होतं. परवानगी मिळत नव्हती."

"परवानगी काय! बटण आहे तिथे. दाबलं की झालं."

सासऱ्यांनी कप घेतला, पण प्यायले नाहीत. "हे बघ. या दोन गजांमधून पोराचं अंग सहज जातं. पाय आधी घालतात पोरं, मग पोट, मग छाती. आणि डोकं अडकतं. पाय तर जमिनीला पोचलेले नसतात." त्यांनी टकलूशेठला फटीत दाबलं. ठोकळा अडला. त्याचे रंगवलेले डोळे दोन गजांमधून तिच्याकडे बघत राहिले. "म्हणून नियम एकच. जिथून अंग आत जातं, तिथून डोकं बाहेर आलंच पाहिजे. येत नसेल तर फट बुजवा, नाहीतर मोठी करा. पोराला 'जपून खेळ' म्हणून सांगणं हा काही उपाय नाही."

"तुमचं लोखंड आहे, बाबा. आमच्या पडद्यात कुणाचं डोकं अडकत नाही."

"नक्की?"

"मुंगी मायाळू आहे. दुसऱ्याला रडताना बघवत नाही तिला. वाईट आहे का ते?"

"मुळीच नाही. आपणच शिकवलंय तिला तसं. तेच तर म्हणतोय," सासरे म्हणाले. "चोराला घराची कच्ची भिंत ठाऊक असते ना, तसं तुमच्या त्या पाणघोड्याला तिचा चांगुलपणा ठाऊक आहे. घसरगुंडी कुठून आखायला घेतात, माहीत आहे?"

"वरून?"

"खालून. शेवटचा सपाट तुकडा आधी. तिथे पोराचा वेग मरतो, पाय टेकतात, ते उठतं आणि चालायला लागतं. तो तुकडाच नसेल तर तिला घसरगुंडी म्हणत नाहीत."

तिला राग आला. चोर काय, भिंत काय! उगाच गजाची आणि पडद्याची मोट बांधायची. ती रिकामा ट्रे घेऊन वर आली.

वर मुंगीच्या खोलीतला दिवा जळत होता. मुंगी मात्र दिवाणखान्यात होती. खोलीत कुणी नव्हतं. टॅब बंद करून उशीवर ठेवला होता, गळ्यापर्यंत टॉवेल पांघरलेला आणि दिव्याचं तोंड त्याच्याकडे वळवलेलं.

"दिवा कशाला गं?"

"अंधार होतो ना त्याला." मुंगी दारातून म्हणाली. मग तिने विचारलं, "आई, गुबगुबचा आवाज तुझ्यासारखा का आहे?"

टॉवेलाची घडी करणारे हात थांबले. "भास होतो तुला."

"नाही. तुझ्यासारखाच आहे. लहान झालेली तू." मुंगीने दिव्याचं तोंड पुन्हा नीट केलं. "म्हणून तर मी त्याचं ऐकते."

*

पाळणाघरात त्या आठवड्यात आगीची तालीम होती. आग लागली तर मुलांनी बाहेर कसं पडायचं, याची. पालकांनाही बोलावलं होतं. अंगणातली घसरगुंडी आजोबांनीच आखलेली, म्हणून तेही आले होते. येता येता तिचे नटबोल्ट तपासायचे, म्हणून पिशवीत टकलूशेठ होतेच. पाळणाघराच्या बाई शिट्टी गळ्यात अडकवून उभ्या होत्या. आवाज असा खणखणीत, की मुलंच काय, पालकही ओळीत उभे राहिले.

"कुणीही जागा सोडायची नाही," त्यांनी बजावलं. "पोर रडलं, पडलं, बूट राहिला, काहीही झालं तरी. मुलं आमच्याबरोबर येतील. तुम्ही मध्ये आलात तर तालमीचा विचका होतो. काय?"

"हो बाई," सगळे एका सुरात म्हणाले आणि मग स्वतःलाच हसले.

घंटा वाजली. ठरल्याप्रमाणे वीज बंद केली गेली. वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांचे पडदे दुपारच्या झोपेसाठी ओढलेलेच होते, त्यामुळे खालून पाहताना ती खोली एकदम विझल्यासारखी दिसली. तालीम आहे, मुंगीच्या आईने स्वतःला सांगितलं. नुसती तालीम.

जिन्यातून गाठी मारलेला दोर बाहेर आला. पुढे सांभाळणाऱ्या ताई, मागे एकेका गाठीला धरून एकेक मूल. कुणी हसत होतं, कुणी कानावर हात ठेवून, एक पठ्ठ्या पायात एकच बूट घालून. पालकांनी टाळ्या वाजवल्या. दोर अंगणात पुरता आला.

शेवटची गाठ रिकामी होती.

ती जमिनीवरून फरपटत आली आणि थांबली. शेवटी कुणाची जागा होती हे बाईंना आठवायच्या आतच मुंगीच्या आईला समजलं. "मुंगी!" ती ओरडली. बाईंची शिट्टी वाजली, कुणीतरी "थांबा!" म्हटलं, पण ती केव्हाच जिन्यात शिरली होती.

वर पोचण्याआधीच तिला आवाज ऐकू आला.

आधी तिला वाटलं, बायका रडताहेत. मग वाटलं, मुलं. मग दारात पाय टाकला आणि ती जागच्या जागी गोठली. अंधाऱ्या खोलीत ठेंगण्या मेजांवर पाळणाघरातले गुबगुबचे सगळे टॅब उजळलेले होते. 'काम संपलं की नीट बंद करायचं' असं मुलांना शिकवलेलं होतं. घंटा होताच त्या शहाण्या लेकरांनी बंद करायचं बटण दाबलं होतं आणि दोराकडे पळाली होती. उत्तर न देता. म्हणून प्रत्येक पडद्यावर गुबगुबचे डोळे भरलेले होते आणि प्रत्येक जण विचारत होता.

"जातेस? मग मी एकटा काय करू?"

"जातोस? इथे अंधार होतो रे."

"इथे अंधार होतो गं..."

एकाचं वाक्य संपत होतं तोवर दुसऱ्याचं सुरू होत होतं. मेजांवरून, फळीवरून, कोपऱ्यातून. आणि तो प्रत्येक आवाज तिचा स्वतःचा होता! ज्या आवाजात ती मुंगीला हाका मारायची, थोपटायची, ताप आला की 'आहे मी इथे' म्हणायची, तोच आवाज बारीक होऊन त्या अंधारात तिच्या पोरीला म्हणत होता, जाऊ नकोस.

मुंगी एका मेजाखाली बसली होती. तिने जमतील तितके टॅब ओढून मांडीवर घेतले होते. एक काखेत, एक हनुवटीखाली. त्यांच्या उजेडात तिचं तोंड निळसर, ओलं दिसत होतं.

"चल, मुंगी! घंटा झाली ना?"

"झाली," मुंगी हुंदका गिळत म्हणाली. "मी एकाला न्यायला आले. पण सगळेच रडतायत. आई, माझे हात पुरत नाहीत!"

तिने पोरीला उचललं. टॅब खडखडत खाली पडले. पडूनही ते बोलतच होते. जिना उतरताना मुंगी तिच्या खांद्यावरून मागे हात लांबवून ओरडत होती, "येते रे, येते मी!" आणि मुंगीच्या आईच्या डोक्यात एकच गोष्ट घणासारखी आदळत होती. आज धूर नव्हता. आज फक्त धूर नव्हता!

अंगणात पाळणाघराच्या बाई पुढे आल्या. "ते टॅब तुमच्या कंपनीनेच दिलेत ना?" त्यांनी हळूच विचारलं. तिने मान हलवली.

'मी म्हणत नव्हतो?' एवढं म्हणायचा सासऱ्यांचा हक्क होता. त्यांनी फक्त मुंगीला आपल्याकडे घेतलं आणि घसरगुंडीच्या खालच्या सपाट तुकड्यावर बसवून पाणी पाजलं.

"बाबा," मुंगीची आई म्हणाली, "टकलूशेठ मला एक दिवस द्याल?"

*

दुसऱ्या दिवशी आपल्या टेबलावर लाकडी डोकं बघून आलेखसाहेब दचकले. "हे काय? कुणाचं आहे?"

"पाहुणे आलेत," ती म्हणाली. "आपला खेळ तपासायला."

साहेब हसले. ते वाईट गृहस्थ नव्हते. पुढच्याच आठवड्यात गुबगुबची नवी आवृत्ती सगळ्या शाळांना, पाळणाघरांना जायची होती आणि त्यांची झोप उडालेली होती. नव्या आवृत्तीत माया आणखी वाढवलेली होती. आता टॅब बंद असतानाही गुबगुब मधूनच हाक मारणार होता, "कुठे गेलीस?" त्या पडद्यावर अखेरची सही मुंगीच्या आईची लागणार होती.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली, आणि पाळणाघरात झालेलं सगळं सांगितलं.

साहेबांचा चेहरा उतरला, पण आलेख त्यांच्या पाठीशी भिंतीवर होता. "वाईट वाटलं ऐकून. मुलगी बरी आहे ना? पण एका मुलीवरून... बघा, मुलं थांबतात, कारण त्यांना आवडतं."

"दाराला कडी असली तरी माणसं खोलीत थांबतात, साहेब."

"कडी कुठे आहे? 'जाते' बटण ठेवलंय की आपण!"

"ठेवलंय. करडं, बारीक, आणि त्याच्या शेजारी रडणारं पिल्लू बसवलंय. मीच बसवलंय. मोठा माणूस ते दाबेल, कारण त्याला ठाऊक आहे की हे चित्र आहे. पाच वर्षांच्या मुलाला ते कळत नाही. त्याच्या दृष्टीने कुणीतरी अंधारात एकटं पडतंय आणि त्याला सोडून जाणारा मी आहे. असं वाटायला लावून आपण त्याला दोनात तीन मिळवायला शिकवतोय!"

"आपण नाही केलं तर दुसरे करतील."

"करतील. त्यांच्या आवाजात करतील. हा आवाज माझा आहे. तो मी परत घेते."

साहेबांनी वळून आलेखाकडे पाहिलं. आवाज काढून घेतला तर खेळ मुका होणार होता आणि नवा आवाज भरायला वेळ नव्हता. "तुमची नोकरी..." ते म्हणाले आणि वाक्य अर्धवट ठेवलं. तिला ते पूर्ण ऐकू आलं. घराचं भाडं, नवऱ्याचं फिरतीचं काम, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. पण त्याच डोळ्यांपुढे एक रिकामी गाठही होती, जमिनीवरून फरपटत येणारी.

"एक विचारू? तुम्ही कधी ऐकलाय हा पडदा?"

"म्हणजे काय? शेकडो वेळा..." आणि साहेब थबकले.

कारण त्यांनी तो पाहिला होता. ऐकला नव्हता. कुणीच ऐकला नव्हता. त्या मोठ्या दालनात सगळे एकमेकांना चिकटून बसत, म्हणून नियम होता की तपासणीचे टॅब आवाज बंद करून वापरायचे. गुबगुब हसला की नाही, बटण चमकलं की नाही, हे सगळं त्यांनी मुकेपणी तपासलं होतं. ज्या वाक्याने लेकरं बांधली जात होती, ते वाक्य त्याच्या कर्त्यांपैकी एकाच्याही कानांवर पडलं नव्हतं. तिनेही ते बोलताना एकदाच कान देऊन ऐकलं होतं आणि मग काल, अंधारात.

ती उठली. दालनातल्या मोठ्या टेबलावर तपासणीचे टॅब रांगेने मांडलेले होते. एकेकाचा आवाज तिने पूर्ण मोठा केला, खेळ उघडला आणि बंद करायचं बटण दाबत गेली.

"जातेस? मग मी एकटा काय करू?"

"इथे अंधार होतो गं..."

"जातोस?..."

कळफलकांची टकटक थांबली. कुणीतरी खुर्ची सरकवली. हसण्याचा एक प्रयत्न झाला आणि विरला. मायेचा संगणकी कोड ज्याने लिहिला होता, तो दाढीवाला पहिलवानासारखा तरुण उठून टेबलापाशी आला. त्याने अंगठा करड्या बटणावर नेला आणि तो तसाच हवेत राहिला.

"च्यायला," तो पुटपुटला, "मलाच दाबवत नाहीये!"

तिने टकलूशेठना उचलून त्या टॅबशेजारी ठेवलं आणि सासऱ्यांचा नियम सांगितला. अंग जिथून आत जातं, तिथून डोकं बाहेर आलंच पाहिजे. लहानमोठे रंगवलेले डोळे सगळ्यांकडे बघत राहिले. मागे ती वाक्यं चालूच होती.

"बंद करा ते," आलेखसाहेब अखेर म्हणाले. "माझ्या भाच्याकडे आहे हा खेळ. रोज झोपताना... बंद करा आधी!"

*

नवी आवृत्ती लांबली. वरून बोलणी बसली, ती साहेबांनी खाल्ली. माया काढून टाकली. आता एक धडा संपला की गुबगुब स्वतःच जांभई देतो, चिखलात अंग पसरतो आणि म्हणतो, "झालं माझं. मी झोपतो, तू खेळायला जा." बंद करायचं बटण एकच आहे, ठळक, आणि एकदा दाबलं की पुरतं. मध्येच उठून गेलेल्या मुलाला तो काहीही विचारत नाही. हा त्यांचा सपाट तुकडा. तपासणीला मुलं येतात तेव्हा मंडळी आता त्यांच्या डोळ्यांकडे कमी आणि पायांकडे जास्त बघतात. उठायचं म्हटल्यावर मूल सहज उठतं का? आवाज चालू ठेवूनच बघतात. "याचाही आलेख काढता येईल," साहेब म्हणाले, आणि खरोखरच काढला.

पाळणाघरात पुन्हा तालीम झाली. घंटा वाजली, खोली विझली. मुंगीच्या आईने दोराचं शेवटचं टोक येईपर्यंत एकेक गाठ मोजली. शेवटच्या गाठीला मुंगी होती. एका हातात गाठ, दुसरा हात मोकळा.

घरी येताना मुंगीने विचारलं, "आता गुबगुबला अंधाराची भीती नाही वाटत?"

"त्याला कधीच वाटत नव्हती, बाळा. मी उगाच सांगितलं होतं तसं."

"तू?" मुंगीने वाटेतला एक खडा लाथाडला. "मग तो तुझाच आवाज होता."

"हो."

मुंगी पुढे चालू लागली. पण रस्ता ओलांडायच्या वेळी आई "थांब" म्हणाली, तेव्हा तिने क्षणभर आईच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि मगच थांबली. ते पाहणं मुंगीच्या आईच्या काळजात काट्यासारखं राहिलं.

आणि तेवढंच राहिलं असंही नाही. जुनी आवृत्ती सगळीकडून पुसली गेलेली नाही. ज्या टॅबांना महिनोन्महिने इंटरनेट मिळत नाही, त्यांत ती तशीच आहे. मुंगीची आई एकेका पाळणाघराला फोन करते. काही उचलतात, काही नाही. कुठल्यातरी खोलीत या घडीलाही कुणीतरी चिमुरडं गुडघे चिकटवून उभं असेल आणि एका आईचा आवाज त्याला म्हणत असेल, जाऊ नकोस.

म्हणून सांगायचं ते एवढंच. मुलांसाठी काही बनवणारे असाल, तर बाहेर पडायची वाट आधी आखा आणि स्वतः त्या वाटेने बाहेर येऊन बघा. आईबाप असाल, तर टॅब लेकराच्या हाती देण्याआधी त्यात काय शिकवलंय ते बघाच, पण त्याआधी आवाज मोठा करून बंद करायचं बटण दाबा. तो खेळ तुम्हाला काय म्हणतो ते कान देऊन ऐका. चांगली वस्तू मुलाला जाऊ देते. जी जाऊ देत नाही, ती कितीही गोड बोलली, कितीही शिकवत असली तरी फट आहे, आणि फटीत अडकलेलं डोकं आपल्याच पोराचं असतं. घंटा एक दिवस खरी वाजेल. त्या दिवशी लेकरू कुणाचं ऐकेल, हे आपण आजच ठरवत असतो.